धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचं शिसं

राणीसावरगावच्या शिवारात आश्रुबा आणि पंडित या चुलतभावांची शेतं लागून आहेत, मध्ये फक्त धुरा. मागच्या वर्षी पंडितच्या वावरात सातवाहनकाळची शिशाची नाणी सापडली आणि त्याचा फोटो पेपरात आला. आश्रुबाच्या वावरातही शिसं निघालं, पण ते नुसते काळपट गोळे. "मासे धरायच्या जाळ्याची वजनं हायेत ती," असं पंडित पारावर म्हणाला. लोक हसले. तेव्हापासून आश्रुबानं त्याच्याशी बोलणं सोडलं.

पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन नाणी तपासायला सुकेशनी आली. मूळची याच जिल्ह्यातल्या झरीची, आता पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. आश्रुबानं तिच्यापुढं गोळे ठेवले.

"मॅडम, हे बी तपासा. वजनं निघाली तर तसं सांगा."

"मॅडम नका म्हणू काका, मी झरीचीच हाय," ती हसली. "शिशात चार प्रकारचे अणू असतात, वजनाला जरा कमीजास्त. खाण बदलली की त्यांचं प्रमाण बदलतं. शिसं वितळवलं तरी ते तसंच राहतं. त्यावरून माल कुठला ते कळतं."

नाण्यांचा आणि गोळ्यांचा कणीएवढा कीस घेऊन ती गेली.

उन्हाळ्यात ती परत आली. निकाल एकाच जागी सांगणार म्हटल्यावर पंडितला आश्रुबाच्या ओसरीवर यावंच लागलं.

"नाणी आन् गोळे, दोन्हीचं शिसं एकच हाय," सुकेशनी म्हणाली. "राजस्थानातल्या एका जुन्या खाणीशी जुळायलंय."

आश्रुबाचा चेहरा उतरला. "म्हंजी आपलं काईच न्हाई?"

"शिसं बाहेरचं. नाणी इथं ओतली असतील, पण ते म्हणायला साचा पाहिजे."

"साचा कसा असतोय?" दारात उभ्या असलेल्या आश्रुबाच्या बायकोनं, केशरबाईनं विचारलं.

"भाजलेल्या मातीचा. गोल गोल खळगे असलेला."

केशरबाई गोठ्यात गेली आणि मातीचा एक तुकडा घेऊन आली. "गोळ्यांसंगंच निघालं व्हतं. मला वाटलं, कुणाचं तरी फुटकं आप्पेपात्र हाय."

सुकेशनीनं खळग्यातली धूळ फुंकली. तळाशी उलटा हत्ती कोरलेला होता. तिनं सोबतच्या डबीतलं पंडितचं हत्तीछाप नाणं त्यात ठेवलं. ते अलगद बसलं. ती हसायला लागली.

"काकू, तुमी टाकसाळ गोठ्यात ठेवली व्हती."

ओसरीवर हशा पिकला. पंडित मात्र साच्याकडं बघतच राहिला. मग तो सरळ आश्रुबाला म्हणाला, "म्हंजी ते गोळे नाण्यांचा कच्चा माल. भट्टी तुज्या वावरात व्हती, आन् पैका माज्या."

"मग? करणारे आमीच," आश्रुबा म्हणाला. "तू नुसता खिशात घालणारा."

"खिशात घालायला बी माणूस लागतंय की."

केशरबाई चहा टाकायला आत गेली. परत आली तेव्हा भट्टी नेमकी कुठं असेल यावरून दोघं वाद घालत वावराकडं निघालेही होते. चहा सुकेशनीनं आणि तिनं दोघींनीच घेतला.