लोखंड बाहेर ठेवून या

मित्रांनो, मी एक जुना चुंबकीय सेन्सर आहे. आली ना जांभई? येऊ द्या. दिसायला मी तुमच्या करंगळीएवढा, रंगाने मळकट, आणि सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पण एके काळी माझ्या खोलीत यायचं तर भल्याभल्यांना खिसे रिकामे करावे लागत, बरं का!

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने धातूची पातळ पट्टी भट्टीत तापवली, सावकाश निववली आणि तिच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली. एक वेढा जरी सैल पडला तरी ते सगळी तार सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. "घाई कुणाला आहे?" असं स्वतःशीच म्हणायचे. अहो, मला होती ना!

पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक आहे, हे तुम्ही शिकला असालच. तिची ओढ नेमकी कोणत्या दिशेला आहे, ते सांगायचं हे माझं काम. ती दिशा हळूहळू सरकत असते, म्हणून पुन्हा पुन्हा मोजावी लागते. मला एका दुर्बिणीच्या पाठीवर बसवलं आणि रस्त्यापासून दूर, झाडांच्या मागे एका लाकडी खोलीत ठेवलं. त्या खोलीत औषधालासुद्धा लोखंड नव्हतं. खिळे तांब्याचे, कडी पितळेची. दारावर पाटी होती: लोखंड बाहेर ठेवून या.

त्या पाटीपेक्षाही कडक होत्या आमच्या बाई. मोजणी त्या करायच्या. आत येण्याआधी किल्ल्या, केसांच्या पिना, घड्याळ, सगळं दाराबाहेरच्या लाकडी ट्रेमध्ये काढून ठेवायच्या. एकदा मोठे साहेब तसेच आत शिरले. "साहेब, पट्टा!" बाई कडाडल्या. बिचारे साहेब पट्टा काढून, एका हाताने पँट सावरत उभे राहिले. मी पोटभर हसून घेतलं.

मोजणी अशी चालायची. दुर्बीण फिरवत फिरवत माझा आकडा शून्यावर आणायचा आणि कोन वाचायचा. मग मला उलटं करून पुन्हा तेच. मग बाजू बदलून आणखी दोनदा. एवढा खटाटोप कशाला? तर माझ्या अंगात थोडी खोट आहे. कुठल्या सेन्सरच्या नसते? सुलटा असताना ती आकडा एका बाजूला ढकलते, उलटा असताना दुसऱ्या. चारींची सरासरी काढली की खोट पार निघून जाते. "दोष नाही रे हा, स्वभाव आहे तुझा," असं बाई मला म्हणायच्या. इतक्या मायेने उलटं टांगून घ्यायला मी कधीही तयार असे.

दाराबाहेर घड्याळ घेऊन लंबू बसायचा. हा बाईंचा सहकारी. उंची इतकी की रोज चौकटीला डोकं आपटायचा आणि रोज चौकटीलाच बोल लावायचा. मिनिट भरलं की तो "आता!" म्हणून ओरडायचा आणि बाई कोन वाचायच्या. किती सुखाचे दिवस होते ते!

वर्षं गेली. लंबूला "आता!" दोनदा ओरडावं लागू लागलं. मग एके दिवशी पुन्हा एकदाच पुरलं, आणि त्याच दिवसापासून माझे आकडे बिघडले. मला लगेच कळलं. बाईंच्या कानामागे, केसांखाली, इवलंसं लोहचुंबक आलं होतं. कानाचं मशीन! त्याच्या स्पीकरमध्ये ते असतं. बाई दुर्बिणीला डोळा लावायच्या तेव्हा ते माझ्यापासून वीतभरावर यायचं. ही खोट बाईंबरोबर फिरणारी, मला उलटं करून ती कशी जाणार? बाईंना हे कळलं नसतं असं नाही. पण आपल्याला कमी ऐकू येतं, हे त्यांना मनातल्या मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. आणि मी पडलो मुका.

बाई रजेवर असताना लंबूने मोजलं की आकडे चोख यायचे. पण बाईंना तोंडावर कसं सांगणार? "सेन्सर थकलाय, बाई," एवढंच तो म्हणाला. सगळं खापर माझ्या डोक्यावर! साहेबांनीही सांगून टाकलं, "टाका तो भंगारात. नवा मागवू." तोंड नसताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"टाकण्याआधी मला एकदा बघू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी लंबूला आत उभं केलं. स्वतः बूट काढले, कोट काढला आणि दारातून माझ्याकडे चालत आल्या.

"हलला का आकडा?"

"हलला, बाई."

बाई मागे गेल्या. "आता?"

"आला जागेवर." लंबू खाली बघू लागला.

बाई थांबल्या. त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी भंगारात गेलो असतो आणि त्यांचं गुपित गुपितच राहिलं असतं. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो.

त्यांनी केस मागे सारले, मशीन काढलं आणि बाहेर ट्रेमध्ये नेऊन ठेवलं. "ह्याचं काही चुकत नाहीये. मीच लोखंड घेऊन आत येत होते."

"बाई, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"काय?" बाई म्हणाल्या.

लंबूला हसू फुटलं. त्याचं तोंड बघून बाईंनाही. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण आता "आता!" कसं ऐकू जाणार? लंबूने एक सुती दोरी आणली. एक टोक बाईंच्या मनगटाला, दुसरं बाहेर त्याच्या हातात. मिनिट भरलं की हलकासा हिसका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नेमकी मोजणी त्या दोरीवर झाली.

पुढे आपोआप मोजणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी या कपाटात झाली. आता कुणी फारसं विचारत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र चुकायला लागलं, किंवा एखादं माणूस, तर लगेच मोडीत काढू नका. त्याच्याजवळ कुठून काय आलंय ते आधी बघा, आणि जमलं तर दुसऱ्या टोकाला दोरी धरून बसा.

निवृत्तीच्या दिवशी बाई मला भेटायला आल्या. मला हातात घेतलं, धूळ पुसली आणि ती दोरी माझ्याभोवती गुंडाळली. मशीन कानातच होतं.

"आज काढणार नाही हं," मला कानाशी नेत त्या म्हणाल्या. "तू काही बोललास तर ऐकू यायला हवं ना."