बावीस सेकंदांची टकटक

सकाळचे नऊ वाजले होते आणि गल्लीत उभं राहायलाही जागा नव्हती. लोक कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले होते. एकाने तर समोरच्या जिन्यात घरून आणलेलं स्टूल टाकून जागा धरली होती. सगळ्यांचे डोळे एका जुन्या निळ्या मोटारीवर खिळले होते. मोटारीचं इंजिन बंद होतं. तरीही तिच्या डिकीतून आवाज यायचा, टक. मग शांतता. मग पुन्हा एकदा, टक.

"आल्या ताई," कुणीतरी कुजबुजलं आणि पुढच्या रांगेने हात जोडले.

मोटार घड्याळरावांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. मोटार चालवायचे ते, पण तिचा सगळा कारभार बायकोकडे. रोज सकाळी घड्याळराव चावी फिरवायचे, मागचा पेट्रोलचा पंप टकटक करायचा आणि बायको शेजारी बोट वर करून बसायची. टकटक थांबली की म्हणायची, "झालं. मारा आता." मगच हे स्टार्टर मारायचे. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

ती गेली त्याला नऊ महिने झाले होते. त्यातले आठ महिने त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. मग एके दिवशी सहज चावी फिरवली. पंप टकटकला, थांबला. स्टार्टर मारायला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नुसतेच बसून राहिले. आणि थोड्या वेळाने मागून एक एकटीच टक आली. मग आणखी एक. घड्याळरावांना वाटलं, तीच बोलतेय. दुकानात त्यांनी हे एकाला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी एक महाराज दारात हजर.

या महाराजांना लोक टकटक महाराज म्हणू लागले. "आत्मा म्हणजे काय? तरंग," ते सांगायचे. "पेट्रोल म्हणजे काय? तोही तरंगच. तरंगाला तरंग भेटला की वाचा फुटते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, पण ते सांगत नाहीत." का सांगत नाहीत, हे कुणी विचारलं नाही. नियम सोपे होते. चावी फिरवून ठेवायची, कारण डॅशबोर्डवरचा लाल दिवा हा आत्म्याचा दिवा. महाराज मागच्या सीटवर माळ ओढत बसणार आणि प्रश्न तेच विचारणार. लगेच टक आली तर हो. तीन श्वास शांतता राहिली तर नाही. महिन्याभरात ताईंनी, म्हणजे घड्याळरावांच्या बायकोने, चार लग्नं जुळवली, एक मोडलं आणि हरवलेल्या मांजराचा पत्ता दिला. मांजर तिथे नव्हतं, पण ते मांजराचं चुकलं.

मध्ये एकदा गॅरेजवाला मिस्त्री येऊन डिकीला कान लावून गेला होता. "घड्याळराव, पंपाची झडप गळतेय. आतले पॉइंट, विजेची टोकं, तीही जळत आलीत. इलेक्ट्रॉनिक पंप टाकून मोकळे व्हा."

महाराज लाल झाले होते. "इलेक्ट्रॉनिक पंप मुका असतो. तो बसला की ताई कायमच्या गेल्या समजा." घड्याळरावांनी मिस्त्रीला आल्या पावली परत पाठवलं होतं.

आज प्रश्न लेकीचा होता. तिला नऊ तासांच्या वाटेवरच्या शहरात, मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. घड्याळराव म्हणाले होते, "आईला विचारू." त्यावर ती म्हणाली होती, "आई असती तर तिने बॅग भरायला घेतली असती, बाबा."

तेव्हापासून घड्याळरावांना चैन नव्हतं. कारण काल महाराजांनी त्यांना विचारलं होतं, "तुमची इच्छा काय?" आणि ते बोलून गेले होते, की पोरीने जाऊ नये. आता चालकाच्या सीटवर बसून ते कधी स्टिअरिंग पुसत होते, कधी मनगटावरचं घड्याळ उगाच वर-खाली करत होते.

टक.

"ताई," महाराजांनी लगेच सूर लावला, "मुलीने परगावी जावं काय?"

एक श्वास. दोन. तीन.

"नाही म्हणाल्या," गर्दीतून उसासा निघाला.

लेकीने गाडीकडे पाहिलंही नाही. ती बापाकडे बघत होती. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "नाही म्हणून कळवते."

ती एवढ्या सहज कबूल झाली हे घड्याळरावांना सोसेना. त्यांची नजर खाली गेली, हातातल्या घड्याळावर. नुसत्या आवाजावरून घड्याळ किती मागे पडतंय हे सांगणारा माणूस. जगातल्या सगळ्या टकटकी त्यांनी मोजल्या होत्या, एवढी एक सोडून.

टक. त्यांनी मोजायला सुरुवात केली. बावीस सेकंद. टक. पुन्हा बावीस. त्यांनी आरशातून मागे पाहिलं. महाराजांची बोटं सेकंदाला एक मणी सरकवत होती. विसावा मणी जरा मोठा होता, पुढची टक जवळ आल्याची खूण.

"थांब ग," ते लेकीला म्हणाले. "महाराज, मी विचारतो."

"तुम्हाला अधिकार नाही."

"अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे माझा. तुमची ओळख महिन्याची." टक झाली. घड्याळरावांनी वीस सेकंद जाऊ दिले. "पोरीने जावं का?"

टक.

गर्दीत चुळबुळ झाली. घड्याळराव लगेच म्हणाले, "हे घड्याळ तूच दिलंस ना मला?" तीन श्वास शांतता. पुन्हा टक झाली, पुन्हा वीस सेकंद. "तू कधी विमानात बसली होतीस?"

टक.

"घड्याळ तिनेच दिलेलं, आणि ती जन्मात विमानात बसली नव्हती," घड्याळराव म्हणाले. "जत्रेतल्या पाळण्यातही बसायची नाही, चक्कर यायची."

स्टुलावरचा माणूस हसला. मग बरेच जण हसले. "परीक्षा घेतली की आत्मा रागावतो," महाराज ओरडले. घड्याळरावांनी मिस्त्रीला हाक मारली. तो गर्दीतच उभा होता. त्याने डिकी उघडली, आतली फळी काढली आणि मुठीएवढ्या पंपाची एक तार उपसली.

"आता विचारा."

एक मिनिट गेलं. दोन गेली. डिकीतून एकही टक आली नाही.

"गाडी आठ महिने उभी होती," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोल आटून आत चिकटा धरतो. झडप नीट मिटत नाही, म्हणून पेट्रोल थेंबथेंब मागे गळतं. तेवढं भरून काढायला पंप बावीस सेकंदांनी एक टोला मारतो. आणि तुम्ही चावी तासन्‌तास चालू ठेवून कॉइल भाजून काढलीत."

महाराज केव्हाच दुसऱ्या दारातून उतरले होते. जाताना म्हणाले, "तुमची श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा भरपूर होती," घड्याळराव म्हणाले. "मोजायचंच तेवढं राहिलं." मग ते लोकांकडे वळले. त्यांना भाषण येत नव्हतं. "त्याने फसवलं खरं. पण मला हवं होतं तेच तो बोलत होता, म्हणून मी ऐकत राहिलो. तुम्ही असं करू नका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी घड्याळ बघा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असा एक प्रश्न विचारा. खऱ्याचं त्याने काही बिघडत नाही."

लेकीने संध्याकाळी होकार कळवला. पंपाचं ठरायचं होतं.

"पॉइंटवाला साफ करून देतो," मिस्त्री म्हणाला. "तो बंद पडला तरी वर दोन टोले मारले की बहुधा चालू होतो, घर गाठता येतं. पण पॉइंटला ठिणगी बसते, ते पुन्हा जळणार. इलेक्ट्रॉनिकला ती भानगड नाही, वर्षानुवर्षं चालतो. मात्र गेला की गेला, टोल्यांनी उठत नाही. आणि तुमच्या गाडीचं अर्थिंग जुन्या पद्धतीचं, उलटं आहे. तसाच बघून मागवावा लागेल, नाहीतर पहिल्या दिवशी जळेल."

"आणि मुका असतो?"

"कोण म्हणतं? टकटक त्यालाही आहे. फक्त ठिणगी नाही."

"गाडी लेकच नेणार आहे," घड्याळराव म्हणाले. "नऊ तासांचा रस्ता. वाटेत तिने डिकी उघडून टोले मारत बसू नये. इलेक्ट्रॉनिक टाका. जुना साफ करून डिकीत ठेवा, असू दे जोडीला."

दोन आठवड्यांनी सामान भरलं. लेक चालकाच्या सीटवर बसली, घड्याळराव शेजारी. कोपऱ्यापर्यंत जाऊन ते उतरणार होते. तिने चावी फिरवली. मागून भराभर टकटक आली, हळू झाली, थांबली. घड्याळरावांनी मनगटाकडे पाहिलं. तीस सेकंद. चाळीस. साठ. मागून काहीच आलं नाही.

"बाबा?"

घड्याळरावांचं बोट केव्हाचं वर होतं. त्यांनी ते खाली घेतलं.

"झालं," ते म्हणाले. "मार आता."