सत्तर चौकोनांचा मेसेज

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर सत्तर चौकोनांची एक चिंचोळी पट्टी आहे. जे सांगायचे ते तिच्यातच बसवायचे. अक्षराला एक चौकोन, कान्याला एक, वेलांटीला एक, आणि दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेलाही एक. पट्टी संपली की तुमचे बोलणे संपले, मग वाक्य पुरे झालेले असो वा नसो. केली कल्पना? मग आता धायरीतल्या एका पाच मजली इमारतीत चला. तिथे सहावीतली ऋतुजा कॉम्प्युटरसमोर बसली आहे.

तिचे बाबा, रविराज, सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पण त्यावर रोज सकाळी इतकी गुलाबाची फुले यायची, की कामाची सूचना त्यांच्याखाली गाडली जायची. शिवाय शेजारच्या गोदाआजींसारख्या काहींकडे साधा बटणांचा फोन. म्हणून बाबांनी एक स्वस्तातली सोय शोधली होती. एका ठरावीक पत्त्यावर ई-मेल पाठवायची, की तिचा एसएमएस होऊन बेचाळीस घरांच्या फोनवर जायचा. अट एकच. मजकूर सत्तर चौकोनांत बसला पाहिजे, उरलेला सरळ कापला जाई.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती.

"टाकी धुऊन झाली, पण त्या माणसाने औषध भलतंच जास्त ओतलंय," बूट चढवता चढवता बाबा म्हणाले. "कोणी प्यायलं तर उलट्या होतील. चिठ्ठीवर आहे तेवढंच टाइप कर आणि पाठव. डोकं चालवू नकोस."

"चालवलं तर काय होईल?"

"दमेल. सवय नाही त्याला," असे म्हणून बाबा स्कूटरवरून स्वारगेटला निघून गेले.

चिठ्ठीवर लिहिले होते, ‘टाकीत औषध टाकले आहे. आज दुपारपर्यंत नळाचे पाणी पिण्यास योग्य नाही.’ कोपऱ्यात ६६ हा आकडा, भोवती गोल.

ऋतुजाला ते फारच तुसडे वाटले. पत्राची सुरुवात नीट करावी, असे बाईंनी वर्गात शिकवले होते. तिने आधी ‘नमस्कार.’ लिहिले, मग चिठ्ठीतला मजकूर, आणि ई-मेल पाठवून दिली. एका शब्दाने असे काय होणार होते?

दहा मिनिटांनी दार वाजले. हातात फोन घेऊन गोदाआजी उभ्या होत्या. इथे शेते होती तेव्हापासून त्या धायरीत राहत होत्या.

"रविराज गेला व्हय? त्याला सांग, बरं झालं येळेवर कळवलंस."

"काय कळवलं, आजी?"

"आगं, औषध टाकलंय, दुपारपातूर पाणी चांगलं हाय म्हणं. मागनं कसलं येईल कुणाला ठावं? म्हणून म्या सगळी भांडी भरून घेतली. रुपालीनं साईचं दूधबी त्याच पाण्यात कालवलंय. हे बघ की, तिनंच वाचून दावलं."

रुपालीकाकू आजींच्या सूनबाई, आणि साई त्यांचा मुलगा, आठ महिन्यांचा. ऋतुजाने फोन घेतला.

‘नमस्कार. टाकीत औषध टाकले आहे. आज दुपारपर्यंत नळाचे पाणी पिण्यास योग्य’

पुढे काही नव्हते. ती खालचे बटण दाबत राहिली, जणू ‘नाही’ खाली कुठेतरी लपून बसला असेल. टेबलावरच्या चिठ्ठीतला ६६ आता तिला कळला. बाबांनी चौकोन मोजले होते. तिच्या नमस्काराने नऊ चौकोन खाल्ले, आणि शेवटचा ‘नाही’ पट्टीबाहेर पडला. बेचाळीस घरांना तिने पाणी प्यायला सांगितले होते, तेही दुपारच्या आत.

तिने बाबांना फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली.

शेजारून साईचे रडणे ऐकू येत होते. ते एकदम थांबले.

आजींना तिथेच सोडून ऋतुजा धावली. रुपालीकाकूंच्या मांडीवर साई होता आणि बाटली त्याच्या ओठांना लागली होती. ऋतुजाने ती हिसकावली. साईने टाहो फोडला.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"ते पाणी चांगलं नाहीये, काकू. ‘नाही’ होतं पुढे. माझ्यामुळे गेलं."

काकूंनी बाटली उजेडात धरली. दूध जेमतेम नखभर कमी झाले होते. मग त्या साईचे तोंड पदराने पुसत राहिल्या, पुन्हा पुन्हा.

ऋतुजा घरी परतली. या वेळी तिने आधी विचार केला. मग लिहिले, ‘नका पिऊ नळाचे पाणी. आधीचा मेसेज चुकला.’ आता मेसेज कुठेही कापला, तरी ‘नका’ सगळ्यांत पुढे राहणार होता. तिने चौकोन दोनदा मोजले आणि ई-मेल पाठवली.

पण पाचव्या मजल्यावरचे हिंमतराव फोन दिवसातून एकदाच बघत, आणि तो सकाळीच बघून होत असे. ऋतुजा एका दमात वर गेली. त्यांच्या दारावर पाटी होती, ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ आत भांड्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

ऋतुजाने बेलवर बोट ठेवले आणि दार उघडेपर्यंत काढलेच नाही.