सुहासिनीबाईंचं शांघाय

मी शांघाय शहराचा नकाशा बोलतोय. हो, चीनमधलंच शांघाय. तुम्ही म्हणाल, मग सांगलीत तुझं काय काम? अहो, तेच तर मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय.

माझा जन्म शांघायच्याच एका छापखान्यात झाला, पण खरं सांगू का, ते शहर मी पाहिलेलं नाही. छापखान्यातून गठ्ठ्यात, गठ्ठ्यातून एका हॉटेलच्या काउंटरवर आणि तिथून थेट एका ब्रीफकेसमध्ये. शहरातली गल्ली न् गल्ली माझ्या अंगावर आहे, पण एकाही गल्लीत मी पाऊल टाकलेलं नाही. आम्हा नकाशांचं जिणंच असलं.

ती ब्रीफकेस होती हंबीरराव मोहित्यांची. सांगलीजवळ कुपवाडला त्यांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. त्र्याण्णव साली ते शांघायला मशिनरीचं प्रदर्शन बघायला गेले आणि फुकट मिळतोय म्हणून मला उचलून घेऊन आले. त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये हरीभाऊ लिमयांचं लेथचं वर्कशॉप होतं. एका रविवारी हंबीरराव लिमयांच्या सांगलीतल्या, विश्रामबागेतल्या घरी चहाला गेले आणि मला टेबलावर टाकून म्हणाले, "वैनी, हे घ्या. चिवडा बांधायला हुईल."

मला असा राग आला म्हणता! सात रंगांत छापलेला मी, आणि चिवडा? पण हरीभाऊंच्या पत्नी, सुहासिनीबाई, त्यांनी हात पदराला पुसले आणि मला अलगद उलगडलं.

"भावजी, ही नदी केवढी मोठी हो! आणि हा पूल कुठला?"

"वैनी, आमी मशिनी बघाय गेल्तो. पूल कोन बघतंय!"

बाई हसल्या. चिवडा त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिला आणि मला घडी घालून पुस्तकांत ठेवलं. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

बाई माहेरच्या वाईच्या. शाळेत भूगोलात कायम पहिल्या. पण मॅट्रिक झाल्या आणि लग्न झालं, म्हणजे भूगोल संपला. मुलगा पुष्कर नोकरीनिमित्त बंगलोरला, हरीभाऊ सकाळी आठला स्कूटरवरून कुपवाडला जायचे ते संध्याकाळी सातला परत. दुपारी दोन ते चार त्या घरात भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर कुणी बोलत नसे. त्या दोन तासांत बाई मला जेवणाच्या टेबलावर अंथरायच्या.

माझ्यावरची अक्षरं चिनी, आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी. हरीभाऊंचं कारखान्यातलं भिंग घेऊन बाई एकेक नाव लावून वाचत आणि शेजारी पेन्सिलनं मराठीत लिहीत. हुआंगपू नदी. नानजिंग रोड. यू गार्डन. अंतर मोजायची त्यांची तऱ्हा निराळीच. दोऱ्यानं माप घ्यायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "म्हणजे आपल्या गणपतीच्या देवळापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत. एवढं तर मी भाजी घेऊन चालते."

मग त्यांनी आठ दिवसांचा बेतच आखला. पहिल्या दिवशी नुसतं नदीकाठी बसायचं, कारण विमानात पाय सुजतात असं कुणीतरी सांगितलं होतं. यू गार्डनला सकाळी लवकर जायचं. जेवणाचं काय, तर मेतकूट आणि भाजलेले पोहे बरोबर न्यायचे. संध्याकाळी हरीभाऊ हातपाय धुऊन आले की चिडवायचे, "काय, आज कुठवर पोचलीस?"

"नानजिंग रोडवर. पाय दुखायला लागले, मग बसले जरा."

"बस, बस. घाई कशाला? शांघाय कुठं पळून जातंय!"

असं वर्षभर चाललं. मग पंचाण्णवच्या जानेवारीत पुण्याच्या एका टूर कंपनीची जाहिरात पेपरात आली, हाँगकाँग आणि शांघाय, मे महिन्यात. हरीभाऊंनी पेपर बाईंपुढे सरकवला आणि म्हणाले, "जाऊ या की मग." वर्कशॉप बरं चाललं होतं, पैशाची अडचण नव्हती. बाई उठून आत गेल्या आणि गोडाचा शिरा करून घेऊन आल्या. आणि मी? माझ्या तर घड्या सैल झाल्या आनंदानं. मी घरी जाणार होतो हो!

आता इथून पुढचं सांगताना मला अजून त्रास होतो.

पासपोर्ट काढायचे होते. जन्मतारखेसाठी बाईंनी वाईच्या शाळेचा दाखला शोधून काढला. त्यावर नाव होतं, वेणू विष्णू आपटे. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नात हरीभाऊंनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुहासिनी' असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून वाईची वेणू कुणाच्या तोंडी उरली नाही. लग्नाची नोंद वगैरे त्या काळी कोण करत होतं? फॉर्म भरून देणारा एजंट म्हणाला, "दाखल्यावर असेल तेच नाव टाका, बाई." बाईंनी टाकलं. हरीभाऊंनी आपल्या फॉर्मवर सही केली आणि दोन्ही फॉर्म न वाचता पाकिटात घातले.

महिन्याभरात हरीभाऊंची पोलीस चौकशी होऊन गेली. पुढे एका रविवारी सकाळी बाई गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. मी टेबलावर उघडाच होतो. दारात सयाजी हवालदार आला. नवीनच बदलून आलेला. हातात कागद, त्यावर पंधरा-वीस नावं.

"वेनू आपटे हितंच ऱ्हात्यात का?"

"आपटे?" हरीभाऊंनी चष्मा वर केला. "नाही हो. आम्ही लिमये. पाटी वाचली नाहीत?"

"पर पत्ता तर ह्योच हाय, साहेब."

"चुकला असेल. मागच्या गल्लीत बघा."

"बगितलं तितं. मग हितं न्हाई म्हनून लिवू का?"

"लिहा की. नाही तर नाही."

अहो, मी ओरडलो! कागदाला आवाज असता तर अख्खं विश्रामबाग गोळा झालं असतं. हवालदारानं लिहिलं, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. बाई दळणाचा डबा घेऊन आल्या तेव्हा हरीभाऊ पेपर वाचत होते. त्यांच्या मनातही काही नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

एप्रिलमध्ये पुण्याहून दोन लखोटे आले. एकात हरीभाऊंचा पासपोर्ट. दुसऱ्यात नुसतं पत्र: अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नाही.

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. "कुणी विचारायला आलं होतं का हो?"

"नाही बुवा. हां, एक हवालदार आलेला. कुणा आपटे बाईंना शोधत होता."

बाई खुर्चीवर बसल्या. "कुणा आपटे बाईंना," त्या म्हणाल्या. "अहो, मी कोण होते?"

हरीभाऊंचा चेहरा उतरला. "अगं... तेहेतीस चौतीस वर्षं झाली त्याला. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"मी या घरात राहत नाही असं लिहून गेला तो. तुमच्या तोंडानं."

"चुकलं गं. माणूस चुकतो की नाही?"

चुकतो. पण टूर तीन आठवड्यांवर आली होती. ॲफिडेव्हिट करा, पेपरात जाहिरात द्या, पुन्हा चौकशी, हे सगळं त्यात बसणार नव्हतं. हरीभाऊ म्हणाले, "मीही जात नाही." चार दिवस ते तसंच म्हणत होते. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. सगळं नीट बघा, मग पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ." हरीभाऊंनी लगेच मान डोलावली. मला वाटतं, जरा जास्तच लगेच.

जाताना ते मला बॅगेत घालायला लागले. बाई म्हणाल्या, "नकाशा राहू दे मला." झालं! माझं घर तिथंच हुकलं.

ते आठ दिवस आम्ही दोघंच होतो. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढं, हे बाईंनी माझ्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. सकाळी सहाला चहा ठेवताना म्हणायच्या, "साडेआठ झाले, निघाले असतील आता." मग त्यांचं बोट माझ्यावरून चालायला लागायचं, बेताप्रमाणं, नदीकाठावरून, पुलावरून, बागेकडं. मध्येच थांबायचं. एकदा बोट तिथंच ठेवून त्या मला म्हणाल्या, "तुला कंटाळा येतो का रे माझा?"

हरीभाऊ परत आले ते सात चिनी पंखे आणि एक थर्मास घेऊन. बाईंनी मला अंथरून ठेवलंच होतं. "दाखवा बघू, कुठं कुठं गेलात?"

हरीभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. बोट नदीवर ठेवलं, मग उचललं. "अगं, बसमध्ये बसवायचे, उतरवायचे. कुठून कुठं नेलं ते कोण बघतंय? पण शहर झकास हां!"

पुढं महिनाभर येईल त्याला ते शांघाय सांगत होते. मी ऐकत होतो. नदी, बाग, नानजिंग रोड, सगळं अगदी बाईंच्या बेतातलंच. आणि ऐकणारे शेवटी बाईंकडं वळून विचारायचे, "वहिनी, तुम्ही नाही गेलात?" बाई चहाचे कप गोळा करत म्हणायच्या, "नाही, मला जमलं नाही."

ॲफिडेव्हिट, जाहिरात, पुन्हा चौकशी, सगळं होऊन सप्टेंबरात बाईंचा पासपोर्ट आला. बाईंनी तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी हरीभाऊंच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता पुढच्या मे महिन्यात."

हरीभाऊंनी पासपोर्ट चाळला, फोटोला हसले. "अगं पण, मी पाहिलंय की शांघाय. पुन्हा तेच बघायला कशाला जायचं? त्यापेक्षा आपण गोव्याला जाऊ."

माणूस वाईट नाही हो. जेवायला बसल्यावर बाईंना आधी वाढून घ्यायला सांगणारा माणूस आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, टरकन फाटावं आणि त्यांच्या ताटात पडावं. बाई "बरं" म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

दिवाळीच्या साफसफाईत फळ्यांवरचे कागद बदलतात. त्या वर्षी बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं आणि वर डबे मांडले. तूरडाळ, हरभराडाळ, साखर, रवा. वर्षभर मी तसाच होतो. अंगावर तेलाचे थेंब पडले, फोडणीचा धूर बसला. डाळ काढताना बाईंना माझा बोटभर तुकडा दिसायचा, पण त्या तिकडं बघायच्या नाहीत. दुपारी दोन ते चार त्या आता झोपायच्या. खरं तर झोपायच्या नाहीत, नुसत्या पडून असायच्या. त्यांनी कूस बदललेली मला ऐकू यायची.

शहाण्णवची दिवाळी आली. पुन्हा डबे खाली उतरले. बाईंनी मला ओढून काढलं, चुरगाळून टाकायला हात उचलला आणि थांबल्या. तेलाच्या डागातून त्यांचंच पेन्सिलीचं अक्षर दिसत होतं. मला तसंच हातात धरून त्या बाहेर आल्या, टेलिफोनच्या वहीतून पुण्याचा नंबर काढला आणि फिरवला.

"टूर निघणार आहे का हो शांघायची? ... एकच सीट. ... नाही, मिस्टर नाहीत बरोबर. ... अहो, आहेत, आहेत, ठणठणीत आहेत! ते जाऊन आलेत, म्हणून."

हरीभाऊ पायरीवर आकाशकंदील बांधत होते. ते तसेच वळले. "एकटी? चीनला? आणि रस्ता चुकलीस म्हणजे?"

"मी?" बाई म्हणाल्या. "मी रस्ता चुकेन?"

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात बाई गेल्या. मला वाटलं, आता तरी नेतील. पण मी घड्यांवर विरलेलो, तेलकट. "तू फाटशील रे वाटेत," म्हणाल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या.

त्या आठ दिवसांत हरीभाऊ रोज लवकर घरी यायचे. भिंग घेऊन माझ्यावर वाकायचे. बाईंची मराठी नावं वाचायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायचे, भात करपायचा. एकदा पुटपुटले, "आत्ता कुठं असेल गं तू?" माझी खात्री आहे, बाई तेव्हा बेतात नसलेल्या कुठल्यातरी गल्लीत हिंडत होत्या.

बाई आल्या. उन्हानं रापलेल्या, घोटे सुजलेले, आणि आवाज बसलेला. दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला उघडलं. मी सगळ्या घड्या मोकळ्या सोडून वाट बघत होतो. आता सांगतील, बोट ठेवून सांगतील.

त्यांनी माझ्यावरून एकवार हात फिरवला आणि हसल्या. "वेड्या, तुझ्यात काहीच नाही रे."

एवढंच. मग घडी घातली, टेबलाच्या खणात लाइट बिलांच्या खाली ठेवलं आणि पदर खोचून शेजारच्या मयूरीला शांघाय सांगायला गेल्या. हरीभाऊही पाठोपाठ गेले, ऐकायला.

तेव्हापासून मी खणात आहे. कुणी उघडत नाही. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण बाईंवर माझा राग नाही. ज्यानं शहर पाहिलं त्याला नकाशा लागत नाही, आणि मला जे कधीच दिसणार नाही ते बाईंनी पाहिलं. तुमच्याही घरात कुणीतरी दुपारी नकाशा मांडून बसत असेल. त्या माणसाला नुसतं चिडवू नका. त्याचं नाव काय ते नीट विचारून घ्या आणि त्याला जाऊ द्या. आम्हाला मागं ठेवलं तरी चालेल.