एक बोट मोकळं

मी इमाम, मलकापूरचा सुतार. तोंडानं फटकळ हाय, आधीच सांगतो.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कोयनानगरला कॉलनीतल्या बॅडमिंटनच्या हॉलात लाकडी जमीन करायचं काम मिळालं. आदल्या साली कुणा शहरातल्या ठेकेदारानं तिथं सागवान ठोकलं हुतं, पार भिंतीला घट्ट भिडवून. पावसाळ्यात लाकूड फुगलं, सरकायला जागा न्हाई, मग मधोमध म्हशीच्या पाठीगत वर आलं. ते उपसून मला बोलावलं.

म्या काँक्रीटवर डांबराचे दोन हात दिले, वर आडव्या लाकडी रिपा मारल्या, रिपांवर फळ्या. चारी भिंतींकडंनं एक बोट मोकळं सोडलं. ती फट भिंतीलगतच्या पट्टीखाली झाकणार हुतो.

पट्टी मारायच्या आधीच ओव्हरसियर हंबीरराव आलं. फटीत बोट घालून समद्या मजुरांम्होरं म्हणालं, "ए सुतार, माप चुकलं की रं. भिंतीपतूर फळी ने, न्हाईतर दुसरा माणूस बघतो."

डोकंच सणकलं माझं. "आवं साहेब, हितला पाऊस तुमी बघितलाय. लाकडाला अंग पसराय जागा नको व्हय? एक फळी उठली तर बापाची हत्यारपेटी तुमच्या दारात ठिवीन. पुन्यांदा रंध्याला हात लावणार न्हाई."

"बरं. श्रावणात बघू," हंबीरराव म्हणालं.

घरी बायकोनं, मदिनाबीनं, कपाळावर हात मारला. "पेटीवर घर चालतंय, आन् ती पैजंला लावली?" खोटं कशाला बोलू, आषाढभर रातीचा पाऊस वाजला की मी उठून बसायचो.

श्रावणात निरोप आला, पेटी घेऊन या. मदिनाबीनं भाकरी बांधून दिली. कोयनानगरपतूर यष्टीत मी पेटी मांडीवरच धरून बसलो.

हॉलात दोघं खेळत हुती. जमीन सपाट, एक फळी तसूभर उठली नव्हती. हंबीररावांनी भिंतीकडची पट्टी उचकटून ठिवली हुती. ते गुडघ्यावर बसलं, जुन्याच जागी बोट घालाय गेलं. बोट सोडा, नख शिरंना. लाकडानं समदी जागा घेतली हुती.

मला लय आनंद झाला. डोळं भरलं, पण मान ताठच ठिवली.

"इमामभाई," हंबीरराव म्हणालं, "शेजारचा हॉल पण करायचाय. पेटी आणलीयच, तर आजच माप घ्या. तिथं किती मोकळं सोडायचं?"

"एक बोट," मी म्हणालो, आणि तिथंच पेटी उघडली.