एकशे बारा बायकांचा मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तीन तडे गेले आहेत आणि पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला जे सांगायचे आहे, ते सांगून झाल्याशिवाय मी बंद पडणार नाही.

माझे भाग जोडणारे हात माणसाचे नव्हते, लोखंडाचे होते. म्हणजे मी यंत्रांचेच लेकरू. तेव्हा यंत्रांबद्दल मी काही वेडेवाकडे बोललो, तर ते घरातला म्हणून बोलतो, असे समजा.

राजधानी बिश्केकच्या बाजारात, एकदा वापरून झालेल्या मला बुरूलकानच्या मुलाने विकत घेतले आणि कोचकोर गावाच्या पुढे डोंगरातल्या आपल्या गावी आईकडे पाठवले. तरुणपणी बुरूलकान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडायची. अर्ध्या तालुक्याची गुपिते तिच्या कानांवरून गेली, पण एकही तिच्या तोंडून बाहेर पडले नाही. मग आपोआप जोडणी करणारी कपाटे आली आणि तिची नोकरी गेली. “मला यंत्राने नाही हाकललं,” ती म्हणायची. “यंत्राला कुठे तोंड असतं? हाकललं ते साहेबाने.”

त्यानंतर ती गावातल्या इतर बायकांसारखी शिरडाक करू लागली. लोकर दाबून केलेला जाड नमदा दोन रंगांत कापून, एकाची नक्षी दुसऱ्यात बसवून शिवलेली ही सतरंजी. आसपासच्या पाच गावांतल्या एकशे बारा बायकांचा ग्रुप तिने माझ्यावर सुरू केला. सकाळी मी नुसता वाजत असे. पिवळा रंग कुणाकडे आहे? लोकर धुवायला नदीवर कोण येते? सुनेला कळा सुरू झाल्यात, गाडी कुणाची मोकळी आहे? एका हिवाळ्यात घाट बंद पडला, तेव्हा माझ्यावरून निरोप गेले आणि दोन घरांत वेळेवर औषध पोचले. बुरूलकान मला कायमाकच्या, म्हणजे दाट सायीच्या, वाटीशेजारी ठेवायची आणि म्हणायची, “हा माझा तिसरा मुलगा.” मी फार सुखात होतो.

मग शहरात एक कारखाना निघाला. तिथले यंत्र नमदा कापून, नक्षी बसवून, घटकाभरात सतरंजी बाहेर टाकत असे. लांबून पाहिले तर फरक कळत नव्हता. आमच्याकडच्या मागण्या कमी झाल्या. बायकांच्या मनात भीती शिरली आणि ती दोष द्यायला कुणीतरी शोधू लागली.

एके दुपारी उलबोसुनने त्या कारखान्याच्या सतरंजीचा फोटो टाकला. मेंढ्याचे शिंग, आणि शिंगाच्या पोटात एक मुडपलेले पान. असे पान आमच्यात एकच बाई कापायची, सैकाल. उलबोसुनने खाली लिहिले, “आपली नक्षी शहरात पोचली. कुणी विकली ते सांगायला नको.”

बुरूलकानच्या चुलीवर चहा उकळेपर्यंत सेहेचाळीस उत्तरे आली होती. “नवरा रशियात, सासू आंधळी. पैसा लागतोच की!” “तरीच परवा नवे बूट दिसले.” हसणारे चेहरे, टाळ्या वाजवणारे हात. ज्या बायका समोरासमोर असत्या तर मान खाली घालून गप्प राहिल्या असत्या, त्याही लिहीत होत्या. सैकालने दोनच शब्द लिहिले, “मी नाही.” आणि ती ग्रुपमधून निघून गेली.

नंतर ती दुकानात दिसेनाशी झाली. तिची आंधळी सासू भिंतीला हात लावत लावत पाव आणायला येऊ लागली. बुरूलकानने सगळ्यांना दटावून पाहिले. कुणी ऐकेना.

त्याच सुमारास कुबात नावाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आमच्याकडे थोरल्या बाईला ‘एजे’ म्हणतात. “एजे, कशाला डोकं पिकवता? एक प्रोग्रॅम बसवून देतो. ग्रुप आपोआप चालेल. जे जास्त गाजतंय ते सगळ्यांना सगळ्यात वर दिसेल. बघा कसा धावतो ते!”

“सध्या सैकालची बदनामी गाजतेय,” बुरूलकान म्हणाली. “तीच वर दाखवणार का?”

“आता लोकांना जे आवडतं ते...”

“रस्त्यात भांडण लागलं तर घोडासुद्धा मान वळवतो, कुबात. म्हणून त्याला भांडण आवडतं असं म्हणशील? नको मला तुझा प्रोग्रॅम.”

तिने फोन ठेवला, चष्मा लावला आणि ग्रुपमधले जुने निरोप उलटे वाचायला घेतले. कुठून काय निसटले, ते तिला पाहायचे होते. मागच्या शरदातल्या एका दिवशी येऊन ती थांबली. सैकालच्या सतरंजीचे चार फोटो होते. खाली बुरूलकाननेच कौतुकाने लिहिले होते, “बघा आमच्या सैकालचे हात!” त्याखाली एका अनोळखी नंबरावरून विचारणा होती, “ते पान आणखी जवळून दाखवाल?” आणि बुरूलकानने मोजपट्टी ठेवून पाचवा फोटो टाकला होता. तो नंबर गिऱ्हाईक म्हणून तिनेच ग्रुपात घेतला होता.

मित्रांनो, तो फोटो माझ्या डोळ्याने काढलेला होता. नक्षी माझ्यातून गेली होती.

बुरूलकानचा अंगठा ‘पुसून टाका’ या शब्दांवर येऊन थांबला. एकदा दाबले असते तर फोटो सगळ्यांच्याच फोनवरून गेला असता आणि कुणालाच कधी कळले नसते. कितीतरी वेळ अंगठा तसाच राहिला. मग तिने तो उचलला, मला खिशात टाकले आणि थेट सैकालचे दार वाजवले.

सैकालने सगळे ऐकून घेतले. चहा विचारला नाही. “एजे, हे मला एकटीला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं की मी विकली नाही. जिथे सगळ्या आहेत तिथे बोला.”

बुरूलकानने ग्रुपला कुलूप घातले, म्हणजे आता फक्त तीच लिहू शकणार होती, आणि निरोप लिहिला, “शुक्रवारी दुपारी माझ्या अंगणात या. नमदा लाटायचा आहे.”

शुक्रवारी चाळीसएक बायका आल्या. गरम पाणी ओतून, चटईत गुंडाळलेली लोकर कोपरांनी दाबत त्या बसल्या होत्या. सैकाल शेवटी आली आणि उभीच राहिली. बुरूलकानने मला बाहेर काढले, ते पाच फोटो दाखवले आणि म्हणाली, “नक्षी मी घालवली. परवा कळलं. कळल्यावर पुसून टाकावंसं वाटलं, तेही सांगते.”

सैकालने मला घेतले आणि उलबोसुनच्या ओल्या हातात दिले.

“उलबोसुन एजे, तुम्ही लिहिलंत ते वाचा. मोठ्याने. माझ्याकडे बघून.”

उलबोसुनने एक ओळ वाचली. दुसरीवर अडखळली. “मला नाही वाचवत गं,” ती म्हणाली. “माझ्या दोन सतरंज्या हिवाळ्यापासून पडून आहेत. मला भीती वाटत होती.”

“मग तसं लिहायचंत,” सैकाल म्हणाली. “मला भीती वाटते, एवढंच लिहायचंत. मीच पहिली आले असते तुमच्या दारी.”

त्यांनी गळाभेट घेतली नाही. सैकाल खाली बसली, बाह्या वर केल्या आणि लोकर लाटू लागली. कोपरे चालत होती आणि बोलणेही चालले होते. ओळख नसलेला नंबर ठेवायचा नाही. कुणावर आरोप असेल तर लिहायचा नाही, तिच्या दारी जाऊन बोलायचे. आणि यंत्र? एक म्हातारी म्हणाली, “लोकर पिंजून पिंजून माझी पाठ मोडली. ते यंत्र आणा की!” सगळ्या हसल्या. सैकाल म्हणाली, “आणू. पाठ मोडणारं काम यंत्राला देऊ. कात्री मात्र आपल्याच हातात राहील. कुठलं काम कुणाला द्यायचं, ते शहरातल्यांनी का ठरवायचं?”

पिंजायचे यंत्र आले. शहरातला कारखाना बंद पडला नाही. आमच्या सगळ्या मागण्याही परत आल्या नाहीत. आमच्यातल्या दोघी काम शोधत बिश्केकला गेल्या. मी खोटे सांगणार नाही. सैकाल दीड महिन्याने ग्रुपमध्ये परतली. तिने नवी नक्षी केली आहे, पण तिचा फोटो टाकत नाही. ज्याला पाहायची असेल त्याने घरी यावे. लोक येतात. दुरून येतात, चहा पितात आणि विकत घेऊनही जातात.

आता माझी बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. बुरूलकानचा मुलगा म्हणतो, नवा घे, तो उत्तरेसुद्धा स्वतःच लिहितो. बुरूलकान म्हणते, “माझी उत्तरं मीच लिहीन.”

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. उद्या मला भंगारात द्या, मला राग नाही. माझ्या पलीकडे जे माणूस असते त्याला जपा. आम्ही यंत्रेच तुमच्याकडून वाईट लिहवून घेतो, असे तुम्ही म्हणता. खुशाल म्हणा. पण खाली येणारा अंगठा थांबतो, हे मी पाहिले आहे. साठीच्या एका बाईने, स्वतःची अब्रू पणाला लागलेली असताना तो थांबवला. तुम्हाला ते जमत नाही, असे निदान मला तरी सांगू नका.