झाकणाचे चार स्क्रू

"घरात उजेड नको असेल तर तसं सांगा. मी अंधारात भाकऱ्या थापीन. पण बल्ब कशाला काढताय?"

कॉइलवाला स्टुलावर चढून मोरीतला पिवळा बल्ब फिरवत होता आणि बायको खाली स्टूल धरून भांडत होती. भांडायचं ते भांडायचं, पण नवरा पडू नये म्हणून स्टूलही धरायचं, अशी तिची रीत. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा, म्हणून गाव त्याला कॉइलवाला म्हणायचं. आता तर तीही रागावली की तसंच म्हणायची.

"अगं, उजेड नकोय मला, ऊब पाहिजे. हल्लीचे पांढरे बल्ब नुसते चमकतात, तापत नाहीत. सगळं गाव पालथं घातलं. पिवळा बल्ब राहिलाय तो आपल्याच मोरीत."

"बल्बाखाली पिल्लं निघत असती तर कोंबड्यांनी पोटाखाली अंडी घेऊन कशाला झुरायचं? कुणाची तरी खुडूक कोंबडी आणा आणि तिच्याखाली ठेवा."

"आणू कुठनं? गावात कोंबडी राहिलीय का?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. बायकोनं स्टूल सोडलं आणि ती परड्यात निघून गेली. तो बल्ब हातात धरून वरच उभा राहिला.

मानमोडी आली होती गावात. कोंबड्यांचा रोग. आधी एकीची मान वाकडी झाली, मग दुसरी गोल गोल फिरायला लागली आणि पाहता पाहता घरोघरची खुराडी ओस पडली. त्याच्या बायकोनं आपल्या कोंबड्या परड्यातल्या खड्ड्यात एकेक करून ठेवल्या. ठेवताना प्रत्येकीचे पंख नीट मिटवले. रडली मात्र नाही. मागे उरली ती टोपलीतली अंडी. रोग यायच्या आधीची, म्हणून निकोप.

गावातल्या बाकीच्या बायकांनी हळहळ केली आणि बाजारातनं नवी पिल्लं आणायचं ठरवलं. हिचं तसं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हिला मुलगा झाला, तो न रडताच. तसाच गुंडाळून नेला त्याला. त्यानंतर हिची आई येऊन राहिली. जाताना एक ठिपक्यांची कोंबडी मागे ठेवून गेली. "हिच्याकडं बघ," एवढंच म्हणाली. मूल पुन्हा राहिलं नाही. आई गेली, ती कोंबडीही गेली, पण तिच्या पोटची, त्यांच्या पोटची अशी ती ठिपक्यांची वेल परड्यात चालत राहिली होती. आता त्या वेलीचं जे काही शिल्लक होतं ते त्या टोपलीत होतं.

म्हणून कॉइलवाल्यानं मोटारी बाजूला सारल्या आणि पेटी करायला घेतली. औषधाच्या दुकानातनं थर्माकोलचा मोठा खोका आणला. झाकणाला भोक पाडून काच बसवली, आत हवा खेळायला बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. खाली पाण्याची ताटली ठेवली, नाहीतर कोरड्या उबेनं कवच आतून सुकतं. वीज जाते हे गृहीतच, म्हणून ट्रॅक्टरच्या दिव्याचा एक बल्ब बॅटरीला जोडून ठेवला. पहिल्यांदा ऊब आवरायला इस्त्रीतला थर्मोस्टॅट बसवला आणि दुकानातलं एक अंडं आत ठेवून पाहिलं. ते उकडून निघालं.

"झालं का पिल्लू?" बायकोनं दारातनं विचारलं.

"मीठ आण," तो म्हणाला.

दोघांनी ते अर्धं अर्धं खाल्लं. किती दिवसांनी ती हसली. मग त्यानं डेअरीच्या भंगारातनं दुसरा थर्मोस्टॅट शोधून आणला, तो मात्र शहाणा निघाला. अंगात ताप आहे की नाही अशी शंका यावी, एवढ्याच बेतानं पेटी गरम राहायला लागली. बायकोनं अंड्यांच्या एका बाजूला कोळशानं बारीक खूण केली आणि स्वतःच्या हातानं ती आत मांडली.

इथं तिचा ताबा सुरू झाला. कोंबडी बसल्या जागी अंडी उलटीपालटी करते, ते काम तिनं घेतलं. सकाळी खूण वर, दुपारी खाली, संध्याकाळी पुन्हा वर, दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट. उलटताना घशातल्या घशात कोंबडीसारखं कुरकुरायची. आपण ऐकतो आहोत हे कळलं तर थांबेल म्हणून कॉइलवाला त्या वेळी मुद्दाम मोटारीवर हातोडी ठोकत बसे. एका आठवड्यानं त्यानं खोलीची खिडकी झाकली आणि टॉर्चच्या काचेवर अंडं धरून तिला दाखवलं. आत लाल धागे पसरले होते आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका हलत होता.

"हलतंय हो," ती म्हणाली आणि खालीच बसली.

त्या दिवसापासून तिला दम निघेना. घटकेघटकेला झाकण उघडून बघायची. उघडलं की ऊब जाते, ओल जाते. तो ओरडायचा, ती ऐकायची नाही. शेवटचे तीन दिवस तर अंडी हलवायचीही नसतात आणि पेटी उघडायचीही नसते. तेव्हा त्यानं सरळ झाकणाच्या चार कोपऱ्यांत खोक्याखालच्या फळीपर्यंत जाणारे चार लांब स्क्रू पिळले आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. "आता काचेतनं बघ. हात लावायचा नाही." तिनं मान हलवली. लहान मुलासारखी काचेला नाक लावून बसली.

एके सकाळी अंड्यांतनं आवाज आला. कवच फुटायच्या आधीच आतून बारीक चिवचिव. दुपारपर्यंत पाच अंड्यांना टोच पडली होती, बाजरीच्या दाण्याएवढी. भोकातनं चोचीचं टोक दिसत होतं. बायकोनं त्याचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांचे वळ उठले.

मग सगळं थांबलं. भोकं तेवढीच राहिली. चिवचिव कमी झाली, एकदोन अंड्यांतनं तर यायचीच बंद झाली.

"अडकलीत ती," बायको म्हणाली.

"दमली असतील. वेळ लागत असेल."

"अडकलीत म्हणते ना. उघडा."

शेजारची भिंत आणि यांची भिंत एकच. पलीकडे म्हातारी सुईण राहायची. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. हिचं बाळंतपणही तिनंच केलं होतं. तेव्हा कॉइलवाला दवाखान्यात न्यायला जीप घेऊन दारात उभा होता आणि ती आतून म्हणत होती, थांब लेका, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच. तो थांबला. त्याची बायकोही थांबली. त्यानंतर बायको तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच भिंतीला दोन्हीकडून शेण लिंपायच्या, पण बोलायच्या नाहीत.

तीच म्हातारी आता भिंतीपलीकडून बोलली. तिनं सगळं ऐकलं असणार.

"उघडू नका गं! टोच मारली की पिल्लू निजतं. आतलं रक्त पोटात ओढून घेत असतं ते. खुडूक कोंबडी त्या वेळी जागची हलत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पोरी. व्हायचं ते आपसूक होईल. थांब."

थांब म्हणाली आणि तिथंच सगळं बिघडलं. बायको नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं.

"तेव्हाही ती हेच म्हणाली होती. तेव्हाही तुम्ही दारात उभे होतात. आज तरी उघडा."

पेटी त्यानं बनवली होती. उघडायची नाही हे त्याला ठाऊक होतं, तिला बजावलंही त्यानंच होतं. पण माणूस आयुष्यभर एका बंद दारासमोर उभा असेल तर त्याच्या हातात शहाणपण राहत नाही. त्यानं खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि चारही स्क्रू एकामागोमाग एक काढले.

आतली वाफ बाहेर आली. बायकोनं पहिलं अंडं उचललं आणि नखानं भोकाच्या कडेचं कवच सोलायला लागली. आतली पातळ साल कागदासारखी सुकायला लागली होती. ती तिनं ओढली आणि लाल रेघ उमटली. आधी रेघ, मग थेंब.

"रक्त येतंय," तो म्हणाला.

"अडकलंय म्हणून येतंय." तिनं पिल्लू बाहेर काढलं. ओलं, अंगठ्याएवढं, पिवळा बलक अजून पोटाबाहेर. ते तिच्या तळहातावर दोनदा थरथरलं. तिनं घाईघाईनं दुसरं उचललं. ते वाचलं म्हणजे पहिल्याचं भरून निघेल, असं काहीतरी तिच्या मनात असावं. मग तिसरं. त्याला तिचे हात धरायचे होते, पण धरवेनात. तिच्या तोंडातनं तेच कुरकुरणं येत होतं, कोंबडीचं. पाचव्या पिल्लानं मान वर केली, चोच उघडली आणि तशीच ठेवली.

म्हातारी भिंतीला धरत धरत दारातनं आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं बायकोच्या पदरावर मांडलेली पाचही पिल्लं पाहिली आणि समोर बसली.

"तेव्हा थांबले," बायको तिला म्हणाली. "तुझं ऐकून थांबले. आज नाही थांबले. मग बरोबर काय असतं गं, मावशी? मला एकदा सांग तरी."

मावशी हा शब्द त्या घरात किती वर्षांनी उच्चारला गेला.

"मला ठाऊक नाही, पोरी," म्हातारी म्हणाली. "आज ठाऊक होतं. तेव्हा नव्हतं. नव्हतं तरी मी थांब म्हणाले. भीती वाटत होती मला, आणि भ्याले आहे हे कुणाला सांगायला लाज वाटत होती."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या वगैरे काही झालं नाही. बायकोनं पिल्लं पदरात तशीच धरली आणि ती रडली. खड्ड्यात कोंबड्या ठेवताना जे रडायचं होतं तेही, आणि त्याच्या आधीचंही. कॉइलवाल्याला तिच्याजवळ जायला सुचलं नाही. तो पेटीत राहिलेल्या मुक्या अंड्यांकडे पाहत होता. त्यानं झाकण ठेवलं आणि स्क्रू पुन्हा बसवले. आशा होती म्हणून नव्हे. हाताला दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुक्या अंड्यांतल्या एकाला टोच पडली. बायकोनं पाहिली. ती उठली, पाय ओढत शेजारी गेली आणि म्हातारीच्या पुढ्यात दोन्ही हात करून बसली.

"धरून ठेव," म्हणाली. "सोडू नकोस."

म्हातारीनं धरले. कॉइलवाला एकटाच पेटीपाशी बसून राहिला. पिल्लू टोच मारून निजलं, तास न् तास निजलं. कॉइलवाल्याचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. शेवटी तो उठला आणि परड्यातल्या विहिरीत तो फेकून आला. परत येतो तो कवच गोल चिरलं होतं आणि पिल्लू लाथा मारत बाहेर पडत होतं. ठिपक्यांचं होतं. बाकीची अंडी तशीच राहिली.

दिवस गेले. पिल्लाच्या डोक्यावर तुरा फुटायला लागला, मोठा, लाल. तुरा पाहून म्हातारीनं तोंड फिरवलं. कॉइलवाल्यालाही कळलं. कोंबडा होता तो. त्या वेलीची अंडं घालणारी एकही कोंबडी आता उरली नव्हती. लेकीमागून लेक अशी चालत आलेली वेल तिथंच संपली. बायकोला कुणी सांगायला गेलं नाही. तिला दिसत होतं.

एका पहाटे तो पहिल्यांदा आरवला. फाटका, अर्धाच आवाज. मग पुन्हा. मग थांबेचना. बाकीच्या गावात अजून एकही आरवणारं कोंबडं नव्हतं, त्यामुळे त्या शांततेत तो फारच मोठ्यानं वाजला. समोरच्या घरातनं कुणी तरी ओरडलं, "अहो, झाका की त्याला डालग्याखाली! झोपू द्याल का नाही?"

कॉइलवाला अंधारात डालगं शोधायला उठला. बायकोनं त्याचा सदरा धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ओरडू दे त्याला. या घरात जन्मून एकजण तरी ओरडला."